प्यालेबरदाराची नोकरी

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आम्ही पांढुर्ण्याला होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात सगळीकडे तान्हा पोळा असतो आणि लहान मुले लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. पांढुर्ण्यात त्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार चालते. त्यामुळे बाहेरचा माणूस त्या दिवशी घरातच बसून राहतो. आम्हीही बसलो होतो. ज्या घरी उतरलो होतो त्या घरातील माउलीने दुपारचा चहा पुढे ठेवला आणि कपबशी खाली ठेवायच्या आधीच विचारले, "गुरुजी, दारू पिणं पाप, हे मले लहानपणापासून शिकवलं. पण वाढणं पाप हाय का?"

प्रश्न उगाच आलेला नव्हता. तिचा मुलगा नागपूरला हॉटेलातील कामाचे शिक्षण घेऊन दोन वर्षे तेथेच नोकरी करीत होता. आता त्याला एका मोठ्या प्रवासी बोटीवर, ज्याला क्रूझ म्हणतात तशा जहाजावर, काम मिळाले होते. पत्र आले होते, वैद्यकीय तपासणी झाली होती, आणि खाते होते बारचे. मुलगा पिणारा नाही, हे तिला ठाऊक होते. शब्बाथ शाळेत वाढलेला, तरुण संघाचा चिटणीस झालेला मुलगा. परंतु उद्या तो दुसऱ्यांचे पेले भरणार होता. आणि जाण्यापूर्वी मंडळीपुढे उभे राहून प्रार्थना मागावी की गुपचूप निघून जावे, हे तिला ठरविता येत नव्हते.

ह्या प्रश्नाचे तयार उत्तर आमच्याजवळ होते, तसे ते आपल्यापैकी प्रत्येकाजवळ असते. परंतु त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून ते उत्तर तोंडातून निघाले नाही. आज जे लिहीत आहोत ते त्या दिवशी न दिलेल्या उत्तराबद्दल आहे.

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख समुद्रापासून किती दूर आहे, हे नकाशात पाहिल्याशिवाय कळायचे नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, पण ही मराठी बोलणारी पट्टी छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्ही, अशी येथील तऱ्हा आहे. आपली ख्रिस्ती घरे थोडी, आणि पुष्कळ ठिकाणी उपासना हिंदीत होते, पण जेवणाआधीची प्रार्थना मराठीत. उपजीविका संत्र्यांची. बाग ज्याची त्याचे बरे चालते, तोडणीला आणि पेट्या भरण्याला जाणाऱ्याचे बहारापुरते चालते. बोरगावच्या कारखान्यांत काम मिळते, पण बहुधा ठेकेदाराच्या हाताखाली. नागपूर जवळ आहे, म्हणून मुले नागपूरला जातात, आणि एकदा घराबाहेर पडलेले पाऊल पुढे कोठवर जाईल याचा नेम नसतो. ज्या वडीलधाऱ्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही, त्यांची नातवंडे आता पाण्यावर आठ-आठ महिने राहून येतात.

ह्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आमच्या भागात सुवार्ता आली तीच मुळी बोटीने. १८७७ साली स्वीडनमधील मिशनरी मध्य प्रांतात आले. पुढे छिंदवाडा हे त्यांच्या कामाचे एक मोठे ठिकाण झाले. ते ज्या बोटींनी आले त्यांवर वाढपी, आचारी, कोळसा टाकणारे असे नोकर असतीलच. त्यांच्यापैकी कोणी काय वाढले, हे आपण कधी विचारले नाही.

रविवारी उपासनेनंतर हा विषय निघाला. खरे म्हणजे तो आम्ही काढला नाही, मुलाने स्वतःच काढला. आणि मग एका वडील बंधूंनी हबक्कूकाच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार दिला. शेजाऱ्याला मद्य पाजणाऱ्याचा तेथे धिक्कार केला आहे. ते म्हणाले, "मंडळीनं ह्या नोकरीसाठी प्रार्थना करणं म्हणजे त्या पेल्यावर हात ठेवून आशीर्वाद देणं होय." त्यांचे बोलणे उथळ नव्हते. त्यांच्या धाकट्या भावाचा संसार दारूपायी उद्ध्वस्त झालेला सर्वांना माहीत होता. तरुणांपैकी एकाने नहेम्याचे नाव घेतले. तो अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता, राजाला द्राक्षारस देणे हेच त्याचे काम होते, तरी यरुशलेमेचा कोट बांधायला देवाने त्यालाच निवडले. दोन्ही बाजूंनी शास्त्र पुढे आले म्हणजे सभेत जे होते तेच झाले. आवाज वाढले. शब्बाथ शाळेच्या बाई तेवढ्यात म्हणाल्या की त्याच्या प्रशिक्षणासाठी काढलेले कर्ज कोण फेडणार ते आधी सांगा. त्यावर कोणी काही बोलले नाही. आणखी एक गृहस्थ सबंध वेळ गप्प होते. त्यांच्याकडे आम्ही पुढे येऊ.

नहेम्याचा दाखला आम्हांला फार विचार करायला लावणारा वाटतो, पण तरुण बंधूने ज्या कारणाने दिला त्या कारणाने नव्हे. मोठ्या माणसाने एखादी गोष्ट केली म्हणून ती योग्य, असे म्हटले तर शास्त्रातील मोठ्या माणसांनी केलेल्या पुष्कळ गोष्टी आपल्याला कराव्या लागतील. पाहण्याजोगे आहे ते हे की त्या काळी प्यालेबरदार काय करीत असे. राजाच्या पेल्यात कोणी विष घालू नये म्हणून तो पेला सांभाळी. पेय पुढे करणारा माणूस पिणाऱ्याच्या जिवाचा राखणदार होता. राजाने एक पेला घेतला काय किंवा दहा घेतले काय, नहेम्याच्या वेतनात फरक पडत नसणार. त्याची निष्ठा पिणाऱ्याशी होती, पेल्याशी नव्हती.

आता बोटीवरील बारकडे पाहा. पुष्कळ कंपन्यांच्या बोटींवर प्रत्येक पेयाच्या बिलावर शेकडा १८ ते २० इतकी बक्षिशी आपोआप चढविली जाते, आणि तिच्यातील वाटा त्या खात्यातील नोकरांच्या हाती येतो. मूळ पगार लहान, वरचा वाटा मोठा. म्हणजे समोरच्या माणसाने तिसरा पेला मागितला तर पांढुर्ण्यातील घरी चार पैसे अधिक पोचतात, आणि त्याने "आता पुरे" म्हटले तर कमी पोचतात. आमच्या मते खरी अडचण येथे आहे. बाटलीला हात लागला म्हणून माणूस विटाळत नाही. प्रभूने माणसाला भ्रष्ट करणारे आतून निघते असे शिकविले, ते आपण शब्बाथ शाळेत शिकवतो आणि मोठेपणी विसरतो. परंतु ज्या दिवशी माझी भाकरी शेजाऱ्याच्या अतिरेकावर अवलंबून राहते, त्या दिवशी शेजाऱ्याचे भले व्हावे अशी प्रार्थना करताना माझी जीभ अडखळू लागते. प्यालेबरदार राखणदार होता. येथे त्याला त्याच पगारात शिकारी व्हायला सांगितले जाते, आणि तेही हसतमुखाने.

हे एकदा मान्य केले की मग प्रश्न बारपुरता राहत नाही, आणि येथेच आम्हांला स्वतःकडे पाहणे भाग पडले. शेजाऱ्याच्या अतिरेकावर भाकरी अवलंबून असणारे किती धंदे आपण निर्धास्तपणे करतो! व्याजाने पैसे देणारा तीच आशा करतो की घेणाऱ्याला मुदतीत फेडता येऊ नये. लग्नसराईत उधारीवर दागिने गळ्यात मारणारा दुसरे काय करतो? मोहाची फुले वेचून विकणाऱ्या गरीब बाईला आपण दोष देत नाही, आणि देऊही नये. पण ती फुले कोठे जातात हे तिलाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. मग पेला दिसतो म्हणून तेवढाच पाप कसा, आणि जे दिसत नाही ते व्यवहार कसे?

सभेत जे गप्प होते त्या गृहस्थांचा बसस्टँडकडे पानठेला आहे. संध्याकाळी ते आम्हांला भेटायला आले आणि बाहेरच्या ओट्यावर बसले. म्हणाले, "गुरुजी, मी काय बोलणार होतो? दिवसभर सुपारी-तंबाखू घोटून खर्रा बांधतो. शाळेतले पोट्टे येतात, त्यांले नाही म्हणतो. पण बाकीच्यांले देतो. तोंडाचा कॅन्सर झालेले दोन गिऱ्हाईक मीच पोचवून आलो. त्या पोराले नको जाऊ म्हणायले माझं तोंड कसं उघडंल?" आम्ही त्यांना ठेला बंद करा असे म्हटले नाही. म्हणायला हवे होते काय, हे आम्हांला अजून ठरविता आलेले नाही. खर्रा काढला तर त्या ठेल्यावर उरते काय, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु त्या दिवशी हबक्कूकाचे वचन सर्वांत खोलवर कोणी ऐकले असेल तर ते ह्या गृहस्थांनी.

अरामाच्या राजाचा सेनापती नामान कोडातून बरा झाल्यावर अलीशापुढे अशीच एक अडचण मांडतो. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची क्षमा व्हावी, असे तो म्हणतो. २ राजे ५ मध्ये ही हकिकत आहे. अलीशा परवानगी देत नाही, मनाईही करीत नाही, त्याला शांतीने जा म्हणतो आणि गोष्ट तेथेच संपते. आम्ही हा पाठ वर्गात शिकविताना नेहमी एलीषाच्या त्या उत्तरावरून घाईने गेहजीच्या लोभाकडे जातो, कारण गेहजी शिकवायला सोपा. पण अलीशाचे उत्तर गुळमुळीत नाही. नामानाने आपली अडचण स्वतः ओळखली होती, तिला वेगळे नाव देऊन लपविली नव्हती. ज्याचे मन टोचत आहे त्याला घेऊन संदेष्टा त्याच्या वतीने निकाल देत बसत नाही.

मुलगा आम्हांला रात्री भेटला. त्याला आम्ही विचारले की दुसरे खाते मिळणार नाही काय? स्वयंपाकघर, भोजनगृह, प्रवाशांच्या खोल्या, धुलाई, यंत्रघर, अशी खाती मोठ्या बोटीवर असतात. तो म्हणाला, स्वयंपाकघरात भांडी घासण्याची जागा मागितली तर मिळेल, पण दोन-तीन महिन्यांनी, आणि पगार बराच कमी. कर्जाचा हप्ता त्यात बसत नाही. आणि मग त्याने जे सांगितले ते आम्हांला त्या सभेतील सर्व भाषणांपेक्षा वजनदार वाटले. तो म्हणाला, "गुरुजी, मले बारमध्ये जायचं नाही असं कोणीतरी म्हणावं आणि हप्ता पण भरावा, असं मले वाटत होतं. म्हणणारे मिळाले."

लूकच्या अकराव्या अध्यायात प्रभू शास्त्र्यांना ज्या एका गोष्टीबद्दल झोडपतो ती हीच. ते लोकांवर वाहण्यास अवघड ओझी लादीत आणि स्वतः एक बोटही लावीत नसत. विवेकाची मागणी करणे स्वस्त असते, कारण तिचा खर्च दुसऱ्याच्या घरातून होतो. मंडळीला एखाद्या तरुणाकडून त्याग मागायचा असेल तर तिने त्या त्यागाचा वाटा उचलला पाहिजे, नाहीतर तिला मागण्याचा अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. ते त्या बंधूंना आवडले नाही. त्यांना आवडावे अशी आमची अपेक्षाही नव्हती.

येथे व्यवहाराचे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ घरांत मूल बोटीवर निघते आणि आईवडिलांना काहीच ठाऊक नसते. सौंसरकडील एका तरुणाचे पैसे काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील दलालाने बुडविले. त्याला बोट कधी दिसलीच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली केलेला सागरी श्रमिकांचा करार २०१३ पासून अमलात आहे आणि २०१५ मध्ये भारतानेही तो स्वीकारला. त्याप्रमाणे नोकरी मिळवून देण्याबद्दल नोकराकडून पैसे घेता येत नाहीत. पारपत्र, खलाशी पुस्तिका आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च मात्र त्याने करायचा असतो. आपल्याकडे भरती करणाऱ्या संस्थेला सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना लागतो, तो आहे की नाही हे आधी पाहावे. बोटीवर जाण्यापूर्वी आग विझविणे, प्रथमोपचार, पाण्यात जीव वाचविणे यांचे शिक्षण सर्वांना घ्यावे लागते, मग तो कप्तान असो की भांडी घासणारा. कामाला आठवड्याची सुट्टी बहुधा नसते. चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, एवढा नियम. राहायची खोली पाण्याच्या पातळीजवळ किंवा तिच्याखाली, दोघांत एक, खिडकी नसलेली.

प्राण वाचविण्याचे शिक्षण आम्ही मुद्दाम सांगितले. २०१२ च्या जानेवारीत १३ तारखेच्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची प्रवासी बोट इटलीच्या जील्यो बेटाजवळ खडकावर आदळली. बोटीवर चार हजारांहून अधिक माणसे होती, त्यांतील ३२ दगावली. कप्तान फ्रांचेस्को स्केत्तीनो सर्व प्रवासी उतरण्याच्या आधीच बोट सोडून गेला. २०१५ मध्ये त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये ती कायम झाली. त्याच बोटीवर मुंबईचा एक वेटर होता. तो शेवटपर्यंत प्रवाशांना बाहेर काढीत होता आणि आपले जीवरक्षक जाकीट त्याने दुसऱ्याला दिले, असे वाचलेल्यांनी सांगितल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात, बोट मोडायला नेली तेव्हा मिळाले. त्या रात्री ज्यांना त्याने वाट दाखविली त्यांच्यापैकी कोणाला तरी त्याने संध्याकाळी जेवणाबरोबर द्राक्षारसही वाढला असेल. तो वाढपी होता म्हणून त्याची सेवा कमी पवित्र होती असे म्हणण्याचे धैर्य आमच्यात नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायातही असेच आहे. तारू बुडत असताना खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने होडी उतरवून निसटू पाहतात, आणि २७६ जिवांना धीर देतो तो एक कैदी. चौदा दिवस उपाशी राहिलेल्यांना तो अन्न घ्यायला लावतो. तारवावर कोण कोणाचा राखणदार निघेल हे हुद्द्यावरून कळत नाही.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर २०२० चा फेब्रुवारी आठवा. जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस ही बोट साथीमुळे अडकवून ठेविली होती. ३,७११ माणसांत १३२ भारतीय नोकर होते. प्रवासी आपापल्या खोल्यांत कोंडलेले, आणि नोकर दाटीच्या खोल्यांत राहून तीन वेळचे जेवण दारोदार पोचवीत होते. त्या दिवसांत त्यांच्यासाठी किती मंडळ्यांत प्रार्थना झाल्या कोण जाणे.

माउलीला आम्ही अखेर काय सांगितले, हे वाचकांना हवे असेल. आम्ही सांगितले की वाढणे हे स्वतः पाप आहे असे आम्हांला शास्त्रातून दाखविता येत नाही. परंतु दुसऱ्याने अधिक प्यावे अशी इच्छा मनात धरणे हे पाप आहे, आणि ती नोकरी ती इच्छा रोज मनात पेरील. मुलाने हे जाणून जावे. जमेल तेव्हा खाते बदलून मागावे. जोवर तेथे आहे तोवर पिणाऱ्याच्या बाजूला उभे राहावे, बाटलीच्या नव्हे. ज्याचे पाय लटपटत आहेत त्याला आणखी देऊ नये असा नियम पुष्कळ कंपन्यांचाही असतो. त्या नियमाचा आधार घ्यायला त्याने लाजू नये. तिने ऐकले आणि विचारले, "आन् रविवारचं?" तिच्या मनात तो प्रश्न पेल्याहून मोठा होता, असे तेव्हा आमच्या ध्यानात आले. आपल्या मिशनच्या दवाखान्यांतील परिचारिकांनी रविवारी कामावर जाणे कधी थांबविले नाही, आणि शब्बाथ माणसासाठी झाला हे प्रभूनेच सांगितले आहे. तेवढे आम्ही तिला म्हटले. फिलिपिन्सचे पुष्कळ ख्रिस्ती लोक अशा बोटींवर कामाला असतात आणि रात्री काम संपल्यावर एकत्र प्रार्थना करतात, हेही सांगितले. रात्री बारा वाजता उपासना होते ह्या कल्पनेने ती हसली.

ऑक्टोबरात तो निघाला. पाळकसाहेबांनी मंडळीपुढे त्याच्यासाठी प्रार्थना केली. त्या रविवारी दोन कुटुंबे आली नाहीत. वडील बंधू आले होते. प्रार्थनेत ते उभे राहिले नाहीत, पण स्टेशनावर मात्र आले, आणि त्याच्या हातात संत्र्यांची पिशवी देऊन गाडी हलण्याआधीच निघून गेले.

शब्बाथ शाळेच्या बाईंनी सुरू केलेली एक गोष्ट येथे नोंदवून ठेवावीशी वाटते. मुलाचे कर्ज हेच त्याला त्या खात्याशी बांधणारे दावे होते. ते दावे मंडळीने मिळून सोडवावे, म्हणजे दुसऱ्या खेपेला त्याला कमी पगाराची जागा घेता येईल, असे त्यांनी महिला मंडळात मांडले. पहिल्या महिन्यात बारा घरांनी वर्गणी दिली. चौथ्या महिन्यात पाच उरली. ह्याची कारणे आपल्याला माहीत आहेत, ती लिहीत बसण्यात अर्थ नाही. पानठेल्याचे गृहस्थ एकही महिना चुकले नाहीत. एकदा त्यांनी बाईंना विचारले, खर्ऱ्याचे पैसे ह्यात चालतात काय? बाईंनी ते घेतले. त्यांनी योग्य केले की नाही यावर मंडळीत अजून मतभेद आहे, आणि आमच्या घरातही आहे.

यंदा मृगाच्या तोंडावर मुलगा आठ महिन्यांची मुदत संपवून घरी आला. अंगाने वाळला आहे, हाताला बर्फाच्या भांड्याने चिरा पडल्या आहेत. आम्ही भेटलो तेव्हा त्याने फुशारकी सांगितली नाही. एक म्हातारा प्रवासी रोज रात्री एकटाच येऊन बसे, बायको वारल्यावर पहिल्यांदाच बोटीवर आलेला. मुलगा प्रत्येक वेळी पेल्याबरोबर पाणी आणि काही खायला आणून ठेवी आणि बोलत राही. मग दोन पेल्यांवर तो उठू लागला. "त्या आठवड्यात माझा आकडा सगळ्यांत खाली होता," तो म्हणाला, "सुपरवायझर बोलले मले." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "पण पुढल्या आठवड्यात तरुण पोरांचा जथा आला, गुरुजी. त्यांच्यापुढे मी भराभर पेले ठेवले. हप्त्याची तारीख जवळ आली होती." त्याने हे दोन्ही एका सुरात सांगितले. आम्ही त्याला काही म्हटले नाही.

दुसऱ्या करारासाठीचा अर्ज दिवाळीआधी भरायचा आहे. त्यात खात्याचा रकाना आहे, तो त्याने अजून कोरा ठेविला आहे. कर्ज निम्म्याहून थोडे अधिक फिटले आहे. महिला मंडळाची पुढची बैठक पहिल्या रविवारी आहे, आणि वडील बंधूंनी आपले नाव वर्गणीच्या यादीत घालायला सांगितले आहे. रक्कम मात्र त्यांनी अजून कळविलेली नाही.